पूरवाटेतला पहिला रुपया

सरकारी हिशेबतपासणीच्या नोकरीत माझी हयात गेली. रस्ता असो, समाजमंदिर असो की शाळेची कुंपणभिंत, फाइल टेबलावर आली की आमचे प्रश्न ठरलेले. प्रशासकीय मंजुरी आहे का, तांत्रिक मंजुरी आहे का, टेंडरची जाहिरात नियमाने झाली का, जागा कोणाच्या नावावर आहे, मोजमाप पुस्तकातले आकडे बिलाशी जुळतात का. खडीच्या वाहतुकीत दोन किलोमीटर जास्त दाखवले म्हणून मी एकदा दीड पानाचा आक्षेप लिहिला होता. पण ही जागा पावसाळ्यात किती फूट पाण्याखाली जाते, हे मी एकाही फाइलवर विचारलं नाही. विचारायला रकानाच नव्हता.

ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर बडोद्याच्या समा भागात आतेभावाच्या घरातला चिखल उपसायला आम्ही सगळे गेलो होतो. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट धरतात. त्या आठवड्यात पाणी 35 फुटांच्याही वर चढलं होतं. त्याच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, नदीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर, सरकारी पैशातून बांधलेलं एक सभागृह आहे. त्याच्या भिंतीवर गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर वीतभर होती. आतेभाऊ फावड्यावर रेलून म्हणाला, "तूच पास केलं असशील, दादा." ती फाइल माझ्याकडे आली नव्हती. आली असती तर केलीच असती पास, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत 21 क्रमांकाचा नियम आहे. त्याचा मथितार्थ आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ऐकवला जायचा: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची जितकी काळजी घेतो, तितकीच अधिकाऱ्याने सरकारी पैशाची घ्यावी. आता स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून विश्वामित्रीच्या उतारावर सभागृह बांधेल असा शहाणा माणूस मला तरी बडोद्यात भेटलेला नाही. म्हणजे नियम होता आणि आहे. तो नदीला लावायचं कोणाच्या मनात आलं नाही, इतकंच.

पूर येतो ती सगळी जमीन एकसारखी नसते, हे आधी वेगळं काढायला हवं, नाहीतर वाद भलतीकडे जातो. नदी फुगली की मधल्या पट्ट्यातून पाणी जोराने वाहतं आणि दोन्ही अंगांच्या पसरट जमिनीवर ते नुसतं पसरून उभं राहतं. त्या वाहत्या पट्ट्याला इंग्रजीत फ्लडवे म्हणतात. मी त्याला पूरवाट म्हणतो, कारण ती नदीची पावसाळ्यातली वाट आहे. वकिलांच्या भाषेत म्हणायचं तर तिची वहिवाट, आणि तीही आपल्या सातबाऱ्यापेक्षा जुनी. कडेच्या पसरट भागात उंच जोतं घेऊन घर बांधता येतं, निदान शेजाऱ्याचं त्याने फारसं बिघडत नाही. पूरवाटेत तसं नाही. तिथे जोतं जितकं उंच आणि रुंद, तितकी पाण्याची जागा कमी. तेवढंच पाणी कमी जागेतून न्यायचं तर त्याला जास्त वेगाने तरी धावायला हवं किंवा वर तरी चढायला हवं. विश्वामित्रीला पावागड सोडल्यावर उतार असा राहतच नाही, वेग आणणार कुठून? ती वर चढते. म्हणजे खालच्या अंगाला ज्याने भराव टाकला तो कोरडा, आणि वरच्या अंगाचा शेजारी बुडाला.

महाराष्ट्रातल्या वाचकांना निळी आणि लाल पूररेषा ठाऊक असते. सांगली-कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे 2019 च्या महापुरानंतर जेवताना दुसरा विषय नसायचा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, 100 वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत. निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधे अटींवर परवानगी. या 'वर्षांतून एकदा'ने लोक फार फसतात. शंभर वर्षांचा पूर म्हणजे पणजोबांनी पाहिला, आता पणतू पाहील, असं नव्हे. दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के भरते. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा 71 टक्क्यांवर जातो. इतक्या जोखमीवर माझ्या वडिलांनी कोणाला उसने पैसे दिले नसते.

आता माझं म्हणणं. पूरवाटेत सरकारी पैसा घालायचा तर दोनच कारणांसाठी घालावा. एक, ती वस्तू नदीपासून दूर असूच शकत नाही. दोन, त्या खर्चामुळे नदीला तिची जागा परत मिळते. बाकी कशासाठीही नाही, मग ते काम कितीही लोकोपयोगी असो आणि मागणीचा अर्ज कितीही सह्यांचा असो.

पैशावरच बोट का ठेवायचं? कारण पूरवाटेत पहिला रुपया बहुधा सरकारचा असतो. बिल्डर धाडसी असतो असा आपला समज आहे. तो अजिबात नसतो, तो वाट पाहतो. आधी कोणीतरी मुरुमाचा रस्ता मागतो, 'स्मशानाकडे जायला' किंवा 'शेतकऱ्यांच्या सोयीसाठी'. तो रस्ता जमिनीपेक्षा चार फूट उंच करावा लागतो, म्हणजे बांधच झाला. रस्त्याच्या कडेने विजेचे खांब जातात. मग पाण्याची लाइन, मग ड्रेनेज, मग टी. पी. स्कीमच्या, म्हणजे नगररचना योजनेच्या, नकाशात तो पट्टा रंग बदलतो. इतकं झाल्यावर बिल्डर येतो, त्याच्यामागे कर्ज देणारी बँक येते, आणि शेवटी माझ्या आतेभावासारखा माणूस आयुष्याची पुंजी घेऊन येतो. त्याने वेडेपणा केला असं कोणी म्हणू नये. रस्ता सरकारचा, दिवा सरकारचा, नळ सरकारचा, जागा वाईट असेल अशी शंका त्याने का घ्यावी? नंतर पूर आला की बोटी सरकारच्या, रोख मदत सरकारची, पंप सरकारचे, आणि पुढच्या अंदाजपत्रकात संरक्षक भिंतही सरकारचीच. एकाच जमिनीसाठी खजिना चार वेळा उघडतो आणि दर वेळी फाइल वेगळ्या खात्याची असते, त्यामुळे आमच्या तपासणीत चारही खर्च बिनचूक ठरतात.

हा विचार माझा नाही. अमेरिकेत 1977 साली अध्यक्ष कार्टर यांनी आदेश काढला की केंद्रीय खात्यांनी दुसरा व्यवहार्य पर्याय असेल तर पूरमैदानातल्या, म्हणजे पूर पसरतो त्या जमिनीवरच्या, विकासाला थेट वा आडून मदत करू नये. आणि करायचीच असेल तर आधी पर्याय शोधावेत, लोकांना जाहीर सूचना द्यावी, इथेच का हे सांगावं. त्यांच्या गृहनिर्माण खात्याच्या नियमांत फ्लडवेपुरती अट आणखी कडक आहे: नदीवाचून चालणार नाही असं काम, किंवा पूरमैदान पूर्ववत करण्याचं काम, एवढीच मुख्य सूट. शिवाय त्यांच्या पूरविमा योजनेत राहायचं असेल तर गावाला फ्लडवेत असा कोणताही भराव वा इमारत मंजूर करता येत नाही ज्याने पुराची पातळी वाढेल. अभियंत्याने गणित करून तसं लिहून द्यावं लागतं.

मला जास्त आवडतो तो 1982 चा कायदा, समुद्रकिनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटांसाठीचा. रेगन यांनी त्यावर सही केली, आणि ते काही पर्यावरणवाद्यांचे लाडके नव्हते. त्या कायद्यात बांधकामाला बंदी नाहीच. जमीन तुमची, खुशाल बांधा. फक्त केंद्राच्या पैशाने तिथे नवा रस्ता, पूल, सांडपाण्याची लाइन होणार नाही आणि सरकारी पूरविमा मिळणार नाही. मालकाच्या हक्काला हात लावला नाही, खजिन्याला मात्र कुलूप लावलं.

तिकडचं सगळंच घेण्यासारखं आहे असं मात्र नाही. पूर मोजताना पुढच्या हवामानाचाही विचार करा, असा वरच्या पट्टीचा नियम ओबामांनी 2015 मध्ये आदेशाने आणला. ट्रम्प यांनी तो ऑगस्ट 2017 मध्ये रद्द केला. त्यानंतर दहा दिवसांनी हार्वे वादळ टेक्सासवर धडकलं आणि ह्यूस्टन पाण्याखाली गेलं. 2021 मध्ये बायडन यांनी नियम परत आणला, 2025 मध्ये तो पुन्हा गेला. एका सहीने येतो तो नियम दुसऱ्या सहीने जातो. आपल्याकडे करायचं ते खर्चाच्या नियमपुस्तकात घालावं, कारण सरकारं बदलली तरी नियमपुस्तक सहसा कोणी चाळत नाही. हा आमच्या खात्याचा दोष, इथे कामी येईल.

आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. पूरमैदानांचे पट्टे आखण्यासाठी केंद्राने नमुना विधेयक 1975 साली राज्यांना पाठवलं. पन्नास वर्षं झाली. मणिपूरने 1978 मध्ये कायदा केला, राजस्थानने 1990 मध्ये, पुढे उत्तराखंडने. बहुतेक राज्यांनी तो कागद नीट घडी घालून ठेवला आहे, आणि गुजरातही त्यातलंच. कारण उघड आहे. नकाशावर रेष ओढली की तिच्या आतल्या जमिनीचा भाव त्याच दिवशी कोसळतो, आणि ज्यांचा भाव कोसळतो त्यांना आमदाराचा फोन नंबर पाठ असतो. म्हणून मी म्हणतो, रेषेचा कायदा होईल तेव्हा होवो, तोवर निदान आपल्या खिशाची रेष आपण ओढू. तिला विधानसभा लागत नाही. राज्याच्या वित्त खात्याचं एक परिपत्रक आणि महापालिकेच्या स्थायी समितीचा एक ठराव पुरतो.

त्या नमुना विधेयकाबरोबर आलेली प्राधान्यक्रमाची कल्पना मात्र सुरेख होती. रुग्णालयं, वीजकेंद्रं, पाणीपुरवठा या गोष्टी शंभर वर्षांच्या पुराच्याही वर हव्यात. कचेऱ्या, विद्यापीठं, ग्रंथालयं, घरं पंचवीस वर्षांच्या पुराच्या वर. आणि वारंवार बुडणाऱ्या जमिनीत बागा आणि खेळाची मैदानं. हे वाचलं आणि मला आपली कमाटीबाग आठवली. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये नदीच्या दोन्ही काठांवर बाग केली. बाग बुडते, चार दिवसांनी माळी गाळ ओढतात, महिन्याभरात हिरवळ परत येते. महाराजांनी पूररेषा मनात धरून ती जागा निवडली असा दावा मी करत नाही, आपल्याकडे प्रत्येक चांगली गोष्ट महाराजांच्या नावावर टाकायची खोड आहे. पण जागेचा वापर अचूक बसला, एवढं खरं.

माझ्या दोन कसोट्या वाटतात तितक्या सोप्या नाहीत, हेही कबूल करतो. पूल नदीवरच लागतो, घाट नदीलाच लागतो, पाणी मोजायची पट्टी गच्चीवर लावून उपयोग नाही. पण सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन? सांडपाणी उताराने वाहत शहराच्या सर्वात खोल जागी येतं, आणि ती जागा बहुधा नदीकाठच असते. विहीर तिथेच हवी, मान्य. मोटारींचे पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर मात्र तिथे जमिनीवर असण्याचं काहीच कारण नाही. ते खांबांवर, माहीत असलेल्या सर्वात मोठ्या पुराच्या वर घेता येतात. ते पहिल्याच दिवशी बुडाले की अर्ध्या शहराची गटारं उलटी वाहतात. तेव्हा 'नदीवाचून चालत नाही' हा दाखला अख्ख्या प्रकल्पाला एकदम देऊ नये, भागाभागाला द्यावा. सूट मागणारा हुशार असतो, तो चौकीदाराच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत सगळं एका अंदाजपत्रकात बसवतो.

रिव्हरफ्रंट, म्हणजे नदीचे काठ बांधून सजवण्याचा प्रकल्प, पहिल्या कसोटीत बसतो असं काहींना वाटेल, नावातच नदी आहे. अहमदाबादला साबरमती सुमारे 263 मीटरच्या एकसारख्या रुंदीत बसवली आणि 200 हेक्टरच्या आसपास जमीन 'मिळवली'. जमीन काही आभाळातून मिळत नाही, ती नदीकडून घेतलेली असते. साबरमतीचं पात्र रुंद, वाळूचं, वर धरोई धरण. विश्वामित्री निराळ्या जातीची नदी आहे: अरुंद, वळणावळणाची, दोन्ही अंगांना कोतरं म्हणजे मातीच्या घळी, आणि त्या काठांत बिळं करून राहणाऱ्या शेकडो मगरी. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी एका मोठ्या शहराच्या मधोमध सुखाने नांदतो, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. सिमेंटच्या उभ्या भिंतीत मगर बीळ करू शकत नाही. पण मगर बाजूला ठेवली तरी हिशेब तोच राहतो: काठ बांधून आत घेतले की पूरवाट अरुंद होते, आणि ते सरकारी पैशाने होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 25 मे 2021 च्या निकालात विश्वामित्रीकडे पूरमैदान आणि कोतरांसकट एक नदी म्हणून बघायला सांगितलं. ते आधीच सुचलं असतं तर बरं झालं असतं.

याउलट 2025 च्या उन्हाळ्यात शहरहद्दीतल्या सुमारे 24 किलोमीटर पात्रात जे रुंदीकरण-खोलीकरण झालं, ते माझ्या दुसऱ्या कसोटीवर तपासून पाहावं असं काम आहे. नदीला जागा देण्याचा तो खर्च आहे, तत्त्वतः मान्य. पण हिशेबनीस म्हणून मी एकच प्रश्न लावून धरीन: खणलेली माती गेली कुठे? ती कोणाच्या सखल प्लॉटवर, एखाद्या कांसाच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, तोंडाशी किंवा काठावरच पडली असेल, तर एका बिलाने जागा दिली आणि दुसऱ्या बिलाने काढून घेतली. मोजमाप पुस्तकात खणलेल्या घनमीटरइतकीच तपशीलवार नोंद टाकलेल्या घनमीटरची हवी, सर्व्हे नंबरसह.

यावर बडोद्यात हमखास एक उत्तर मिळतं: पूर आजव्याच्या जलाशयामुळे येतो हो, सभागृहामुळे नाही. बासष्ट दरवाजांवरून पाणी सुटतं आणि आपण बुडतो. अर्धं खरं आहे. पाणी आजव्याहून, प्रतापपुऱ्याच्या जलाशयाहून, पावागडच्या डोंगरांतून आणि शहरावरच्या आभाळातून येतं. 31 जुलै 2019 ला तर दिवसाभरात वीस इंचांच्या आसपास पाऊस शहरावरच पडला. येणाऱ्या पाण्यावर आपला ताबा थोडा. ते शहरात किती उंच चढतं आणि किती दिवस मुक्काम करतं, यात मात्र आपल्या प्रत्येक भरावाचा वाटा आहे. दरवाजांचा वाद जरूर घालावा, पण तो घालताना आपल्या बाजूचे कागद स्वच्छ हवेत.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यावर मी स्वतःशी बराच भांडलो. पूरवाटेत आज जे राहतात ते बहुतेक गरीब आहेत. परशुराम भठ्ठ्यासारख्या वस्त्यांतून पाणी वाढलं की माणसं शाळांत हलवावी लागतात, हे दरसालचं. माझा नियम शब्दशः लावला तर तिथल्या बाईला नळ मिळणार नाही, पोराला रस्त्यावरचा दिवा मिळणार नाही. असा नियम मी लिहून दिला तर आई हयात असती तर तिने मला घरात घेतलं नसतं. तेव्हा स्पष्ट म्हणतो: जी माणसं आज तिथे आहेत, त्यांचं पाणी, दिवा, औषध, लस, सुटकेची बोट हा माणसांवरचा खर्च आहे, जमिनीवरचा नाही, आणि तो थांबता कामा नये. थांबायला हवा तो त्या जमिनीला पक्की करणारा खर्च. नळ द्या, पण तिथे नवी घरकुल योजना आणू नका. ती गरिबावर उपकार म्हणून जाहीर होते आणि त्याला कायमचा पुरात बांधून ठेवते. हलवायचं तर पैसा सैल हाताने सोडावा, कारण हा दुसऱ्या कसोटीतला सर्वात चांगला खर्च आहे. फक्त शहराबाहेर दहा किलोमीटरवर चौथ्या मजल्याची किल्ली हातात दिली की चार घरची धुणीभांडी सुटतात, आणि महिन्याभरात ती बाई नदीकाठी परत येते. तिने परत येणं हा तिचा हट्ट नसतो, आपल्या अंदाजपत्रकातली चूक असते.

आणि नियम फक्त झोपड्यांना लागला तर मी तो फाडून टाकायच्या बाजूचा आहे. बंगल्यांच्या सोसायटीमागचा काँक्रीट रस्ता, जिमखान्याची भिंत, सरकारी इमारतीचं वाढीव बांधकाम यांना तो आधी लागायला हवा. पूर येऊन गेल्यावर दुरुस्तीची फाइल येते, तीही इथेच अडवावी. अमेरिकेत पूरक्षेत्रातल्या इमारतीचं नुकसान तिच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेलं की ती जशीच्या तशी उभी करता येत नाही, नवे नियम पाळावे लागतात. आपल्याकडे पुरानंतर 'पूर्ववत करणे' हा शब्द फार पवित्र झाला आहे. बुडालेली वस्तू पूर्ववत करणं म्हणजे तिला पुन्हा बुडायला तयार करणं.

करायचं काय, तर प्रत्येक अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर तीन ओळी वाढवाव्यात. जागेची पातळी किती. आजवरच्या सर्वात मोठ्या नोंदलेल्या पुराची त्या जागेवरची पातळी किती. पूरवाटेत असल्यास काम इथेच का, आणि पाणी वाढणार नाही याचा दाखला कोणत्या अभियंत्याच्या सहीचा. त्या ओळी रिकाम्या असतील तर तांत्रिक मंजुरी नाही, आणि मंजुरीशिवाय पैसे गेले तर वसुली सही करणाऱ्याकडून. सूट द्यायची असेल तर टेंडरआधी वर्तमानपत्रात कारणासह छापावी, गुजराती आणि मराठी दोन्हींत, म्हणजे निदान वरच्या अंगाला राहणाऱ्याला कळेल की त्याच्याकडे पाणी कोणाच्या खर्चाने येणार आहे.

मी यात तिऱ्हाईत नाही. गेल्या महिन्यात आतेभावाच्या सोसायटीने मला अर्ज लिहून द्यायला सांगितलं. मागच्या सभागृहापर्यंत काँक्रीटचा रस्ता हवा, पावसात फार चिखल होतो, आणि सरकारी भाषा मला येते. मी बसून लिहिला. पहिल्या परिच्छेदात रस्त्याची लांबी-रुंदी आणि दुसऱ्यात, सवयीने नव्हे, मुद्दाम, 2024 साली त्या जागेवर किती पाणी होतं ते फुटांत. तो वाचून सेक्रेटरींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "काका, हे दुसरं वाक्य काढा ना, नाहीतर मंजूर कसं होणार?" आतेभाऊ शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, चहा प्यायला. अर्जावर अजून एकही सही नाही. तो माझ्या टेबलावर पडून आहे, आणि ते वाक्य मी काढलेलं नाही.